मंडळीतला एकोपा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची मंडळी नवी मुंबईतली, मराठी, प्रोटेस्टंट. सभासद ऐरोलीपासून खारघरपर्यंत पसरलेले, काही जण ठाण्या-कळव्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने येतात. गाव विचारलं तर कुणी नगरचं, कुणी सोलापूरचं, कुणी मिरजेचं, कुणी जालन्याचं. रविवारी उपासनेनंतर चहा घेता घेता कमिटीच्या माणसांना जे प्रश्न विचारले जातात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं कमिटीने वाचली आहेत. सगळी उत्तरं सगळ्यांना पटली आहेत असं मात्र नाही.

एकोपा म्हणजे मंडळीत भांडण नसणं का?

नाही. भांडण नसलेली मंडळी आमच्या तरी पाहण्यात नाही. भांडण दिसत नाही अशा मंडळ्या पाहिल्यात, आणि त्यांचीच काळजी जास्त वाटते.

प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढा. यरुशलेमेत कुरकुर सुरू झाली ती रोजच्या वाटपावरून. ग्रीक बोलणाऱ्यांचं म्हणणं, आमच्या विधवांना डावललं जातं. प्रेषितांनी 'प्रेमाने राहा' असं सांगून विषय गुंडाळला नाही. सात माणसं निवडायला लावली आणि काम त्यांच्या हाती दिलं. स्तेफन, फिलिप्प, नीकानोर, तीमोन... सातही नावं ग्रीक वळणाची. म्हणजे ज्यांची तक्रार होती, वाटप त्यांच्याच माणसांकडे गेलं. आपल्या कमिट्यांमध्ये तक्रार करणाऱ्याला सहसा पुढच्या यादीतून वगळतात.

पंधराव्या अध्यायात तर पौल आणि बर्णबा मार्काला सोबत न्यायचं की नाही यावरून इतके तापले की दोघांनी वाटाच वेगळ्या केल्या. पुढे तोच पौल तीमथ्याला लिहितो की मार्काला सोबत घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मधल्या काळात कोण कुणाच्या घरी गेलं, काय बोललं, ते लिहिलेलं नाही. पण ते पत्र लिहिलं गेलं, एवढं पुरेसं आहे.

आपल्याकडे फूट पडते ती नेमकी कशावरून?

शिकवणुकीवरून क्वचितच. हॉलची किल्ली कुणाकडे, नाताळच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन कुणाच्या मुलीला मिळालं, कुणाच्या लग्नात भाडं माफ झालं आणि कुणाच्या नाही, आजारपणात पाळकसाहेब कुणाकडे दोनदा गेले आणि कुणाकडे फोनवरच प्रार्थना केली, अशा गोष्टींवरून. करिंथमध्ये लोक म्हणत, मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा. आपल्याकडे 'मी आधीच्या पाळकांच्या वेळचा' एवढं म्हटलं की समोरचा समजून जातो.

वाद कितीही फुटकळ असला तरी 'एवढ्याशा गोष्टीवरून?' असं म्हणू नका. ज्याचं मन दुखावलंय त्याच्यासाठी गोष्ट एवढीशी नसते, आणि खालचा खरा विषय बहुतेक वेळा 'आम्हाला कुणी विचारतच नाही' हा असतो.

एकाच हॉलमध्ये तीन भाषांच्या उपासना होतात. रोजची कटकट कशी टाळायची?

नवी मुंबईत हा प्रश्न बहुतेकांना आहे. सिडकोने आखलेल्या सेक्टरांमध्ये चर्चसाठी भूखंड मिळवणं सोपं नाही. त्यामुळे शाळेचा हॉल भाड्याने घ्यायचा, नाहीतर एका मंडळीच्या इमारतीत दुसरीने वेळ वाटून घ्यायची. आमच्याकडे सकाळी मराठी, त्यामागून तमिळ, संध्याकाळी मल्याळम.

भांडण 'ते आणि आपण' असं सुरू होतं, पण मूळ शोधलं की सापडतं घड्याळ. आपली आभारप्रार्थना 'दोन शब्दांत' करायला उठलेले काका बारा मिनिटं घेतात, आणि तोवर तमिळ मंडळीतल्या बायका लहान पोरांना कडेवर घेऊन जिन्यात उभ्या असतात. वर आपण म्हणतो, यांना धीर नाही.

उपदेशाने फरक पडला नाही, कागदाने पडला. दोन्ही सेक्रेटरींनी सही करून तो दारामागे लावलाय: उपासना सव्वादहाला संपणार, पुढची पंधरा मिनिटं खुर्च्या सरळ करायला आणि चपलांचा रॅक मोकळा करायला. साउंड मिक्सरवर प्रत्येक मंडळीची खूण वेगळ्या रंगाच्या चिकटपट्टीने केली आहे. 'आमचा माइक कुणी बिघडवला' हा वाद तिथेच मिटला. वेदीवरची फुलं सकाळची मंडळी आणते आणि तशीच ठेवते. चहाची उरलेली साखर कुणाची, हे अजून ठरलेलं नाही.

आणि वर्षातून काही वेळा एकत्र या, पण जिथे प्रत्येकाला काम असेल अशाच प्रसंगी. शुभ शुक्रवार त्यासाठी सोयीचा आहे, कारण वधस्तंभावरचे उद्गार सात. आम्ही ते तिन्ही मंडळ्यांत वाटून घेतो आणि प्रत्येकाने आपापल्या भाषेत बोलायचं. पहिल्या वेळी लोक कुजबुजले की आपल्याला काय कळणार. वचन सगळ्यांनी आधी वाचलेलं असतं, त्यामुळे कळायचं ते कळतं.

कापणीच्या सणाच्या लिलावात दरवर्षी ताणाताणी होते. लिलाव बंदच करावा का?

बंद करू नका, त्यातली गंमत जाईल. आपल्यापैकी कुणाच्या शेतात इथे काही पिकत नाही. दुधी तुर्भ्याच्या मार्केटमधून येतो आणि नारळ कोपऱ्यावरून, तरी लोक हौसेने आणतात. त्रास होतो तो दोन घराणी एका केकवरून बोली चढवत बसली की. एका वस्तूच्या बोलीला मर्यादा घाला आणि नाव न घेता पाकिटात दान देण्याची सोय ठेवा. कुणी किती दिले याची यादी भिंतीवर लावायची नाही.

जुनी भजनं की नवी गाणी?

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग पेटी-तबल्यावर व्हावेत असं ज्येष्ठांना वाटतं. तरुणांना गिटार, कीबोर्ड आणि पडद्यावर शब्द हवे असतात. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्या काळच्या मंडळ्यांमध्ये परदेशी चालींवर बसवलेली गीतं रुळलेली होती, त्यामुळे अभंग आणि कीर्तन हेच तेव्हा नवं होतं. आज ज्याला आपण 'आपली जुनी पद्धत' म्हणतो, तीही एकेकाळी कुणाच्या तरी कानाला खटकली असणार.

आमचा नियम सोपा आहे: दर रविवारी किमान एक भजन आणि किमान एक नवीन गाणं, यादी गुरुवारपर्यंत. शिवाय तबलजीने नव्या गाण्याला आणि गिटारवाल्याने भजनाला साथ करायची. सुरुवातीला ताल चुकतात. चुकू द्या.

इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांना मराठी वाचन जड जातं हे खरं. संडे स्कूलमध्ये त्यांना मोठ्याने वाचायला लावा आणि अडखळलं तर हसू नका, विशेषतः मागच्या रांगेतून.

एखाद्याने मला दुखावलं, तर आधी कुणाकडे जाऊ?

त्याच्याकडेच. मत्तय १८ मध्ये क्रम दिलेला आहे: आधी एकट्याने जाऊन बोल, ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत ने, तरीही नाही तर मंडळीला सांग. आपण हाच क्रम उलटा चालवतो. आधी व्हॉट्सअॅप ग्रुप, मग नातेवाईक, मग पाळकसाहेब, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याला सगळ्यात शेवटी कळतं, तेही तिसऱ्याकडून.

जायचं कसं, याबद्दल थोडं. दोघांपैकी कुणाच्याही घरी बसू नका. घरचे मध्ये बोलतात. ठाण्यातल्या एका जोडीने तलावपाळीला दोन फेऱ्या मारत बोलून घेतलं. चालताना एकमेकांच्या तोंडाकडे सतत बघावं लागत नाही, त्यामुळे अवघड वाक्यं निघतात. एकाच प्रसंगाबद्दल बोला. 'तुमच्या घरचे पहिल्यापासून असेच' हे वाक्य तोंडातून गेलं की त्या दिवसापुरतं बोलणं संपलं असं समजा.

मध्यस्थ लागलाच तर असा घ्या, ज्याला दोघांपैकी कुणाशी सोयरिक जुळवायची नाही. फिलिप्पैमधल्या युवदीया आणि सुंतुखे या दोघींचं पटत नव्हतं. पौलाने दोघींची नावं घेतली, दोघींना वेगवेगळी विनंती केली, कोण बरोबर ते सांगितलं नाही, आणि तिसऱ्या एका सोबत्याला म्हणाला, यांना मदत कर. दोघींनी सुवार्तेसाठी माझ्याबरोबर श्रम केले, हेही त्याने आवर्जून लिहिलं.

आणखी एक. करिंथमधले तट पौलाला कळले ते ख्लोवेच्या घरच्या माणसांकडून, आणि पत्रात तो ते नाव लिहितो. 'काही लोकांचं म्हणणं आहे' अशी सुरुवात त्याने केली नाही. आमच्या कमिटीतही निनावी तक्रार वाचली जात नाही.

मंडळीचा व्हॉट्सअॅप ग्रुप बंद करावा का?

सूचनांपुरता ठेवा: निधन, हॉस्पिटल, रक्ताची गरज, सरावाची वेळ. पोस्ट फक्त अॅडमिन करतील. रात्री साडेदहानंतर रेकॉर्ड केलेला व्हॉइस मेसेज कुणालाही पाठवण्याआधी सकाळी स्वतः एकदा ऐकावा.

मनात राग असताना प्रभुभोजन घ्यावं का?

लोक दोन टोकांना जातात. काही जण तसेच घेतात. काही जण मुद्दाम जागेवर बसून राहतात, म्हणजे समोरच्याला दिसावं. दुसरा प्रकार आम्हाला जास्त खटकतो. टेबलाशी न जाणं हे निषेधाचं हत्यार नव्हे.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय सगळा वाचा. तिथे खाणारे आधी येऊन खात होते आणि ज्यांच्याकडे काही नव्हतं ते उपाशी राहत होते. 'एकमेकांसाठी थांबा' असं पौल सांगतो ते त्या संदर्भात. मत्तय पाचमध्ये येशू म्हणतो, वेदीपाशी आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर. म्हणून आमच्याकडे प्रभुभोजनाची सूचना आठवडाभर आधी देतात. मधले सहा दिवस फोन करायला आहेत. समोरच्याने फोन उचलला नाही, तर तुमच्या बाजूने जेवढं होतं तेवढं झालं, असं समजून या.

हिशोब विचारला की 'हा फूट पाडतोय' म्हणतात. विचारायचं की नाही?

विचारायचं. आमच्या अनुभवात मंडळ्या मोडल्या त्या हिशोब विचारल्यामुळे नाही, तर हिशोब न दिल्यामुळे.

यरुशलेमेतल्या गरिबांसाठी जमलेली रक्कम नेताना पौलाने तीताबरोबर मंडळ्यांनी पसंत केलेला एक भाऊ दिला, वर आणखी एक दिला. कारणही लिहिलं: एवढ्या मोठ्या दानाबद्दल कुणी आम्हाला दोष लावू नये, जे योग्य ते प्रभूसमोरच नव्हे तर माणसांसमोरही असावं. प्रेषिताला साक्षीदार लागले, तर आपल्या खजिनदाराला लागले म्हणून त्याचा अपमान होत नाही.

प्रत्यक्षात असं: दानाची पिशवी त्याच दिवशी, हॉलमध्येच, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी मोजायची आणि वहीत दोघांच्या सह्या. सोमवारी बँकेत भरणा. क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच. 'तात्पुरतं माझ्या नंबरवर पाठवा' हे एकदाही नको. दर महिन्याला जमा-खर्च सूचना फलकावर.

मंडळीची स्वतःची सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. हिशोबाचं लेखापरीक्षण ही मेहेरबानी नाही, कायद्याची अट आहे. विश्वस्त बदलले की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. बऱ्याच मंडळ्यांत हा कागद वर्षानुवर्षं राहून जातो. मग वाद झाला की दोन गट दोन वेगवेगळे रिपोर्ट घेऊन तिथे उभे राहतात, बँक सह्यांवरून हात आखडते, आणि पाळकांचा पगार अडकतो. नव्या कमिटीची पहिली प्रार्थना झाली की लगेच सेक्रेटरीला या कागदाची आठवण करा.

कमिटीच्या निवडणुकीनंतर लोक बोलेनासे होतात.

सेक्रेटरी आणि खजिनदार एका घरातले नकोत. सलग किती वेळा निवडून यायचं याला मर्यादा हवी. मतं सगळ्यांसमोर मोजा. आणि हरलेल्याला गायनमंडळातून, वाचनाच्या पाळीतून काढू नका. हे सगळीकडे होतं आणि कुणी कबूल करत नाही.

'ख्रिस्तात जात नाही' म्हणतो, पण मंडळीत ती जाणवते. यावर बोलावं का?

बोलावं, आणि गुळमुळीत बोलू नये. वेदीवरून सगळे एक, आणि लग्न जुळवताना 'तसे मूळचे कोणते?' हा प्रश्न येतोच. आडनावावरून, गावावरून, बोलण्याच्या ढंगावरून माणसं हिशेब बांधतात. कमिटीत ठरावीक घराण्यांचीच नावं फिरतात, आणि सतरंज्या घालायला ठरावीक मुलंच उठतात.

याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला 'तू तिथे उभा राहा' असं सांगणाऱ्या मंडळीला झाडलेलं आहे. आपल्या हॉलमध्ये खुर्च्या सारख्याच आहेत. फरक कामांच्या वाटपात दिसतो. म्हणून सतरंज्या, भांडी, वाचन, प्रार्थना, चहा या सगळ्यांच्या पाळ्या लिहून लावा आणि त्यात डॉक्टर, इंजिनियर, रिक्षाचालक सगळे येऊ द्या.

कागदपत्रांचा विषय नाजूक आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो लागू झाला, ख्रिस्ती दलितांना नाही. त्यामुळे काही घरांमध्ये जातीचा दाखला एक सांगतो आणि रविवार दुसरं. यावरून मंडळीत कुणी कुणाला टोमणा मारलेला कमिटी खपवून घेणार नाही. ज्यांच्या मुलाची फी अडलेली नाही त्यांनी तर मुळीच मारू नये.

बाप्तिस्मा लहानपणी की समजत्या वयात? यावरून दोन गट पडलेत.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारताची मंडळी म्हणजे सीएनआय स्थापन झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स अशा सहा मंडळ्या तिथे एकत्र आल्या. त्यांच्यात बाळांना बाप्तिस्मा देणारेही होते आणि मुळीच न देणारेही. दोन्ही पद्धती मान्य करून ते एकत्र राहिले. बोलणी सुरू झाली होती १९२९ मध्ये, म्हणजे चर्चेला ४१ वर्षं लागली. आणि एवढं करून दक्षिण आशियातली मोठी मेथडिस्ट मंडळी ऐन वेळी बाहेर राहिलीच.

तेव्हा एका वार्षिक सभेत हा प्रश्न निकाली निघेल अशी अपेक्षा ठेवू नका. तोवर दुसऱ्याच्या बाप्तिस्म्याला 'खोटा' म्हणायचं नाही, इतकं पुरे.

सून कॅथॉलिक आहे. तिच्या चर्चमध्ये आम्हाला ख्रिस्तप्रसाद दिला नाही, मन दुखावलं.

तो तुमचा अपमान नव्हता. कॅथॉलिक मंडळीचा तो नियम आहे आणि तिथल्या फादरना तो व्यक्तिशः बदलता येत नाही. मिस्साला जा, गाणी गा, प्रार्थना करा, आणि प्रसादाच्या वेळी जागेवर बसा. घरी आल्यावर सुनेसमोर तिच्या चर्चबद्दल आणि तिने तुमच्या पाळकांबद्दल बोलताना जरा जपून.

वारसा तर सामाईक आहेच. १३२१ साली ठाण्यात टोलेंटिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन फ्रान्सिस्कन साथी मारले गेले, तेव्हा प्रोटेस्टंट असं कुणी जगात नव्हतंच. त्यांची आठवण कॅथॉलिकांनीच ठेवावी असं काही नाही.

एकत्र प्रार्थनेला निमित्तं तयार आहेत: १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा, आणि मार्चच्या पहिल्या शुक्रवारी स्त्रियांचा जागतिक प्रार्थना दिन. दुसऱ्याला आमच्याकडे प्रतिसाद चांगला असतो. पुरुषांना पहिल्याची आठवण करून द्यावी लागते.

पाळकांबद्दल तक्रार असेल तर?

आधी त्यांच्याशी, मग वडीलजनांशी म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांशी, मग वरच्या मंडळाशी, लेखी. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात वडीलजनांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये असं आहे. तो नियम बचावासाठी आहे, दडपण्यासाठी नाही. उपदेश कंटाळवाणा होतो ही तक्रार नव्हे.

एखाद्या मुलाशी गैरप्रकार झाला, तर मंडळीची बदनामी नको म्हणून आत मिटवायचं का?

अजिबात नाही. पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे माहिती असणाऱ्याने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठी हेल्पलाइन १०९८. मत्तय १८ चा क्रम इथे लावू नका, त्या मुलाला आरोपीसमोर बसवून 'क्षमा कर' असं तर कधीच म्हणू नका. घरात मारहाण सोसणाऱ्या बाईलाही एकोप्याच्या नावाखाली परत पाठवायचं नाही. तिच्यासाठी हेल्पलाइन १८१.

निवडणुकीच्या काळात उमेदवार उपासनेला येतात.

येऊ द्या, बसू द्या. माइक द्यायचा नाही.

कुणी मंडळी सोडून दुसरीकडे गेलं तर?

सभासदत्वाच्या दाखल्याचं पत्र द्या, तेही मागण्याआधी. दाखला अडवून ठेवणं हा जुना खेळ आहे आणि त्यातून कुणी परत आल्याचं ऐकिवात नाही. आजारपणात, मर्तिकात जाणं चालू ठेवा. कब्रस्तानाची जागा, वर्गणीची थकबाकी असे विषय त्या दिवशी काढायचे नाहीत.

मेगाब्लॉकच्या रविवारी अर्धी मंडळी येत नाही. मग एकत्र कसं राहायचं?

ट्रान्स-हार्बरचा ब्लॉक साधारण अकराच्या पुढे लागतो. सकाळी यायला गाडी मिळते, अडकतो ते परतताना. लहान मुलं आणि वयस्क असलेल्या घरांनी हट्टाने येऊ नये. त्या रविवारी ऐरोली, कोपरखैरणे आणि ठाणे अशा तीन ठिकाणी घरसभा होते. वचन सगळीकडे तेच वाचायचं आणि गाणी गुरुवारच्या यादीतलीच घ्यायची. कुणाचं घर, हे शनिवारी दुपारपर्यंत ग्रुपवर येतं. घर दर वेळी बदलायचं, आणि यजमानांनी चहा-बिस्किटांच्या पुढे जायचं नाही, नाहीतर पुढच्या घरावर दडपण येतं. दान तिथेही दोघांनीच मोजायचं, वहीच्या पानाचा फोटो खजिनदाराला पाठवायचा आणि रक्कम पुढच्या रविवारपर्यंत घरात न ठेवता सोमवारी भरायची.